तिखटगोड मुरांबा

मुरांबा बिघडतो तो बहुधा श्रावणांत. वैशाखांत तो केलेला असतो, ज्येष्ठांत त्याचें कौतुक होऊन गेलेलें असतें. आणि पावसाची झड लागून बाजारांतील भाजी रोडावली व जेवणांत कांहीं तोंडीं लावणें हवेंसें वाटूं लागलें, म्हणजे फडताळांतली बरणी खालीं येते. दादरा सोडून पाहावें तों वर पांढुरक्या-हिरवट बुऱ्याचा थर आलेला असतो. नाहीं तर आंतून बुडबुडे निघून आंबूस वास येत असतो. मग घरांत कारणांचा शोध सुरू होतो. कोणीं ओला चमचा बुडविला, कोणाची दृष्ट लागली, कैऱ्याच यंदा निकस होत्या, असे नाना तर्क निघतात. त्यांतील पहिला तर्क खरा असण्याचा संभव असतो. परंतु पुष्कळदां बरणीचें भवितव्य तिच्यांत मुरांबा भरण्यापूर्वींच, चुलीवर, ठरून गेलेलें असतें. आणि हल्लींच्या घरांत तें बिघडण्याचें एक नवें कारण उत्पन्न झालें आहे. तें म्हणजे साखर कमी घालण्याची सदिच्छा.

सदिच्छा म्हणावयाचें तें यासाठीं कीं, तिच्यांत वाईट कांहीं नाहीं. मधुमेह घरोघरीं ऐकूं येऊं लागल्यापासून साखरेकडे थोड्या संशयानें पाहण्यांत शहाणपणच आहे. त्यांतून मुरांबा तिखट करावयाचा असला म्हणजे गृहिणीच्या मनांत सहज येतें कीं, मिरची, मीठ, लवंग, दालचिनी हे सारे टिकविणारे पदार्थ घातलेच आहेत, मग साखर निम्मी झाली म्हणून काय बिघडलें? लोणचें नाहीं का वर्षभर टिकत? हा प्रश्न बिनतोड दिसतो, पण त्यांत एक गफलत आहे. लोणचें टिकतें तें मिरचीमुळें नव्हे. तें टिकतें मिठामुळें, कैरीच्या आंबटपणामुळें आणि वर तरंगणाऱ्या तेलामुळें. मुरांब्यांत मीठ चवीपुरतें आणि तेल मुळींच नाहीं. तेथें मिठाचें काम साखरेलाच करावें लागतें. तिखट येतें तें केवळ जिभेच्या सुखाकरितां.

तिखटगोड मुरांबा म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हें प्रथम ठरवून घेतलेलें बरें. कारण मराठी स्वयंपाकघरांत कैरी आणि गोडी यांच्या सोयरिकींतून निपजलेलीं अपत्यें अनेक आहेत. साखरेंत शिजविला तो साखरांबा, गुळांत शिजविला तो गुळांबा. मोहरी-हिंगाची फोडणी करून, तींत मेथ्या तळून, कैरीच्या फोडी गूळ-तिखट घालून शिजविल्या म्हणजे होतो तो मेथांबा. तो चवीला तिखटगोड खरा, पण चार-आठ दिवसांत संपवावयाचा. गुजराथेंत कैरीचा कीस साखरेंत कालवून, भांड्याच्या तोंडाला फडकें बांधून उन्हांत ठेवतात, आणि कांहीं दिवसांनीं उन्हानेंच पाक झाला कीं त्यांत तिखट व जिऱ्याची पूड मिसळतात; त्याला छुंदा म्हणतात. येथें ज्याचा विचार करावयाचा आहे तो या साऱ्यांचा शेजारी आहे. फळाचा गर किंवा कीस साखरेबरोबर विस्तवावर आटवून जॅमप्रमाणें दाट केलेला, पोळीला, थालिपीठाला किंवा पावाला लावतां येईल असा, आणि गिळल्यानंतर घशाशीं मिरचीची ऊब रेंगाळेल असा हा मुरांबा होय.

तो फार प्राचीन असणें शक्य नाहीं. मुरब्बा हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेनें तो हिंदुस्थानांत आला, आणि मराठींत त्यानें मुरंबा, मुरांबा अशीं रूपें घेतलीं. दुसऱ्या रूपांत आंबा येऊन बसला आहे हें कोणालाहि दिसेल. मिरची तर त्याहून नवखी. ती अमेरिका खंडांतली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकांत ती या किनाऱ्याला लागली. त्यापूर्वीं येथें तिखट म्हणजे मिरें, पिंपळी आणि सुंठ. पेरू आणि अननस हीं फळेंहि त्याच पोर्तुगीजांबरोबर आलीं. गोव्यांतील ख्रिस्ती घरांत नाताळासाठीं पेरूचा गर साखरेंत आटवून जी पेराद करतात, ती या प्रवासाची गोड आठवण आहे. मात्र तींत मिरची नसते. तेव्हां पणजीच्या पणजीची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पाककृतींतील बरींचशीं साधनें परदेशांतून आलेलीं निघतात. त्यामुळें चवीला उणेपणा येत नाहीं ही गोष्ट वेगळी.

पहिल्यानें करणारानें फळांत कैरी घ्यावी. हा पक्षपात नव्हे. मुरांब्याला जें जें लागतें तें तें कैरींत जन्मतःच असतें. जॅम धरतो तो नुसतें पाणी आटल्यामुळें नव्हे. फळांतील पेशींना एकमेकींशीं जोडून ठेवणारें पेक्टिन नांवाचें एक द्रव्य असतें. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यानें १८२५ सालीं त्याचें वर्णन केलें. फळ शिजूं लागलें कीं तें रसांत उतरतें, आणि पुरेशी साखर व पुरेसा आंबटपणा यांची जोड मिळाली म्हणजे त्याचे सूक्ष्म धागे एकमेकांत गुंतून जाळें तयार होतें. रस त्या जाळ्यांत अडकून बसतो. पेक्टिन, साखर आणि आंबटपणा या तिहींपैकीं एक जरी कमी पडलें तरी जाळें नीट विणलें जात नाहीं. कच्च्या फळांत पेक्टिन भरपूर असतें. फळ पिकत जातें तसें तें मोडत जातें, आणि आंबटपणाहि ओसरतो. म्हणूनच पूर्ण पिकलेल्या आंब्याचा रस कितीहि आटविला तरी त्याचा आटीव रस होतो, जॅम होत नाहीं.

कैरी टणक, कोय धरलेली, पण आंत पिवळी झांक न आलेली असावी. राजापुरी मोठी असते आणि तिच्यांत रेषा कमी, म्हणून किसावयास सोयीची. रायवळ आंबट खरी, पण ती दोरेदार निघण्याची भीति असते. तोतापुरी दिसावयास देखणी, बाजारांत मुबलक, पण आंबटपणांत दुबळी. ती घेतली तर किलोमागें एका लिंबाचा रस पिळावा. मार लागलेली, डागाळलेली कैरी स्वस्त मिळते म्हणून मुरांब्यासाठीं राखून ठेवण्याची चाल कांहीं घरांत आहे. ती सोडलेली बरी, कारण बुरशीचें बीज त्या डागांतूनच भांड्यांत येतें.

साल व कोय काढून किसलेली कैरी एक किलो, आणि साखर एक किलो, हें सरळ प्रमाण. वाटीचें माप इतर स्वयंपाकाला चालतें, येथें चालत नाहीं. कारण कीस वाटींत सैल पडला आहे कीं दाबून बसला आहे, यावर त्याचें वजन बदलतें, आणि या पदार्थाचें सारें गणित वजनावर आहे. काटा घरांत नसेल तर शेजारून आणावा. भांडें रुंद तोंडाचें, जाड बुडाचें, स्टेनलेस स्टीलचें घ्यावें. पितळेचें असेल तर त्याला नवी कल्हई हवी. ॲल्युमिनियमला आणि उघड्या तांब्या-पितळेला कैरीचें आम्ल खातें. भांडें विस्तवावर चढविण्यापूर्वीं तें रिकामें असतांना त्याचें वजन करून भिंतीवर किंवा कागदावर टिपून ठेवावें. या टिपणीचा उपयोग पुढें दिसेल.

प्रथम किसांत पेलाभर पाणी घालून, झांकण ठेवून, तो मऊ आणि पारदर्शक होईपर्यंत मंद आंचेवर शिजवावा. साखर तोंवर घालूं नये. साखर आधीं घातली तर ती किसांतलें पाणी ओढून घेते आणि कीस चिवट राहतो तो राहतोच; मागाहून कितीहि उकळला तरी तो नरम होत नाहीं. कीस शिजला म्हणजे साखर व चहाचा एक चमचा मीठ घालावें, आणि साखर पूर्ण विरघळेपर्यंत आंच मंदच ठेवून ढवळीत राहावें. तेथून पुढें मात्र घाई करावी. आंच मोठी करून मुरांबा रटरटवावा, लांब दांड्याच्या पळीनें तळ खरवडीत राहावें, आणि मुलांना चुलीपासून लांब ठेवावें; कारण उसळलेल्या पाकाचा थेंब उकळत्या पाण्यापेक्षां अधिक तापलेला असतो व कातडीला चिकटून बसतो. मंदाग्नीवर दोन-दोन तास मुरांबा आटवीत बसण्यांत कांहीं जणींना मोठें पुण्य वाटतें. वस्तुतः इतका वेळ आम्लांत उकळल्यानें पेक्टिन तुटतें, रंग काळवंडतो, आणि कैरीचा वास घरभर पसरून बरणींत भरावयास शिल्लक राहत नाहीं.

आटणें कोठें थांबवावें, हा खरा कसोटीचा प्रश्न. थंड बशीवर थेंब टाकून तो मिनिटभरानें बोटानें ढकलावा, वर सुरकुती पडली तर झाला, ही परीक्षा प्रसिद्ध आहे आणि पूर्ण साखरेच्या मुरांब्याला ती चांगली लागूहि पडते. पण तिच्यापेक्षां काटा अधिक प्रामाणिक. हिशेब असा आहे. साखर एक हजार ग्रॅम; एक किलो कैरींतलें पाणी वगळलें तर मागें सुमारें शंभर ग्रॅम ऐवज उरतो. दोन्ही मिळून अकराशें. वर्षभर टिकावयाचा मुरांबा असेल तर त्याच्या एकंदर वजनांत हा ऐवज शेंकडा ६५ च्या वर असावा लागतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०११ च्या विनियमांत विकावयाच्या जॅमला हीच शेंकडा ६५ ची मर्यादा घातलेली असून फळाचें प्रमाण निदान शेंकडा ४५ असावें असें म्हटलें आहे. त्या मानानें अकराशें ग्रॅम ऐवजाचा मुरांबा १६५० ग्रॅमांच्या आसपास भरला पाहिजे. भांड्याचें वजन टिपून ठेवलेलें आहेच. भांडें उतरवून मुरांब्यासकट काट्यावर ठेवावें आणि वजाबाकी करावी. १८०० भरला तर आणखी पाणी जावयास हवें. १५०० च्या खालीं गेला तर बरणींत कांहीं दिवसांनीं साखरेचे खडे बसतील. तापलेलें भांडें काट्यावर ठेवतांना खालीं लांकडी पाट घ्यावा आणि पाटाचें वजनहि धरावें, हें सांगावयास नकोच.

आतां हाच हिशेब निम्म्या साखरेनें करून पाहावा. पांचशें ग्रॅम साखर, शंभर ग्रॅम कैरीचा ऐवज; एकूण सहाशें. शेंकडा ६५ च्या पुढें जावयाचें तर मुरांबा ९०० ग्रॅमांपर्यंत आटविला पाहिजे. इतका तो कोणी आटवीत नाहीं, आणि आटविला तर तो करपट व चामट लागतो. होतें तें असें कीं, कीस मूळचाच दाट असल्यामुळें १२०० ग्रॅमांवर असतांनाच त्यांत पळी उभी राहूं लागते. करणारीला वाटतें, झाला, आणि विस्तव बंद होतो. त्या क्षणीं त्या मुरांब्यांत ऐवज शेंकडा ५० असतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना पूर्ण साखरेचा आणि निम्म्या साखरेचा मुरांबा सारखाच दाट दिसतो. पण एकाचा दाटपणा पाकाचा असतो, तर दुसऱ्याचा केवळ चोथ्याचा. बुरशीला आणि आंबविणाऱ्या सूक्ष्म जीवांना वाढावयास पाणी लागतें. भरपूर साखर पाण्याला असें धरून ठेवते कीं तें त्यांच्या हातीं लागत नाहीं. चोथा पाण्याला नुसता आडोसा देतो. श्रावणांतील त्या बुऱ्याचा उगम बहुतेक वेळां येथें सांपडतो.

याचा अर्थ साखर कमी करूंच नये असा नाहीं. निम्म्या साखरेचा मुरांबा अवश्य करावा. फक्त तो करतांनाच तो वेगळ्या जातीचा पदार्थ आहे असें समजावें. तो लहान लहान बाटल्यांत भरून रेफ्रिजरेटरांत ठेवावा आणि उघडलेली बाटली तीन-चार आठवड्यांत संपवावी. फडताळाशीं त्याचा संबंध नाहीं. साखर कमी, पण बरणी मात्र आजीच्या वेळेसारखी वर्षभर फडताळांत, अशी दुहेरी अपेक्षा ठेवली म्हणजेच नुकसान होतें. आणि ज्याच्यासाठीं साखर कमी केली तो मधुमेही गृहस्थ जर गोडी कमी आहे म्हणून एका चमच्याऐवजीं दोन चमचे वाढून घेऊं लागला, तर सारा खटाटोप पुनः मूळपदावर येतो. साखरेऐवजीं गूळ घातला म्हणजे त्या गृहस्थाला अपाय होत नाहीं, हीहि एक गोड समजूतच आहे. गुळांतील बहुतांश भाग साखरच असतो. शिवाय गुळांत ओलावा अधिक असल्यामुळें गुळांबा जरा जास्तच आटवावा लागतो. त्याच्या चवीसाठीं तो करावा. औषध म्हणून करूं नये.

तिखटाकडे वळतांना पहिली गोष्ट ही कीं, तें आधीं घालून उपयोग नाहीं आणि अगदीं शेवटींहि घालूं नये. फार आधीं घातलें तर मिरचीचा रंग काळसर होतो. कांहीं ठिकाणीं मुरांबा उतरवून निवाल्यावर वरून तिखट व मसाल्याची पूड भुरभुरतात. वास छान राहतो, परंतु मसाल्याच्या पुडींत बुरशीचें बीज असतेंच, आणि तें जिवंतपणीं बरणींत जातें. म्हणून उतरविण्यापूर्वीं पांच-सात मिनिटें, मुरांबा जोरानें उकळत असतांना, तिखट घालावें. वरील प्रमाणाला ब्याडगी मिरचीची पूड दोन चहाचे चमचे पुरते. ब्याडगीला रंग फार आणि जोर बेताचा, म्हणून मुरांबा माणकासारखा लाल दिसतो पण लहान मुलेंहि तो खाऊं शकतात. ज्यांना खरोखर झणझणीत हवा असेल त्यांनीं तींत लवंगी मिरचीची पाव चमचा पूड मिळवावी. भाजलेल्या जिऱ्याची पूड एक चमचा, चार लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, एवढें बस्स. गरम मसाल्याचा डबाच उपडा केला तर कैरी कोठें आहे हें शोधावें लागतें. लवंग-दालचिनी पातळ फडक्याच्या पुरचुंडींत बांधून सोडावी व मागाहून काढून घ्यावी, म्हणजे कोणाच्या दाताखालीं येत नाहीं.

ओली मिरची, आलें आणि लसूण यांचा मोह पुष्कळांना होतो. चव उत्तम येते यांत शंका नाहीं. पण या तिन्ही वस्तूंत पाणी असतें आणि आंबटपणा जवळजवळ नसतो. त्यांच्यामुळें मुरांब्याच्या दोन्ही आधारांना थोडा थोडा धक्का बसतो. आलें घालावयाचें तर किसून, कैरीच्या किसाबरोबर पहिल्यापासून शिजवावें, नाहीं तर त्याऐवजीं सुंठ घालावी. लसूण वर्षाच्या बरणीबाहेरच राहूं द्यावी. आठवड्यापुरती वाटी करावयाची असेल तर तिला कोणाची हरकत नाहीं.

तिखट बेताचें झालें कीं नाहीं हें चुलीवरचा कढत मुरांबा चाखून ठरवूं नये. मिरचींतलें कॅप्सेसिन जिभेवरील ज्या ग्राहकाला डिवचतें, तोच ग्राहक उष्णतेनेंहि जागा होतो. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेंत १९९७ सालीं हा शोध लागला, आणि त्याबद्दल २०२१ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालें. तिखट आणि कढत यांची तक्रार एकाच दारावर येत असल्यामुळें गरम मुरांबा आहे त्यापेक्षां जहाल लागतो. घाबरून हात आंखडता घेतला तर निवाल्यावर तो मिळमिळीत निघतो. थेंब बशीवर टाकून, पूर्ण थंड होऊं देऊन, मगच जीभ लावावी.

ज्यांच्या घरीं पाकाचा थर्मामीटर असतो त्यांना पुस्तकांत १०५ अंश सेल्सिअस हा आंकडा दिलेला आढळतो. तो आंकडा समुद्रसपाटीचा आहे. मुंबईंत किंवा रत्नागिरींत तो बरोबर येईल. परंतु उंचीबरोबर पाणी कमी अंशांवर उकळूं लागतें. सुमारें तीनशें मीटरांमागें एक अंश, असा ढोबळ हिशेब आहे. पुण्याला पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतें, आणि सुमारें १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला ९५ ते ९६ अंशांवर. मुरांब्याला पाण्याच्या उकळण्यापेक्षां साडेचार-पांच अंश वर जावयाचें असतें. म्हणजे महाबळेश्वरच्या मंडळींनीं शंभर अंशांवरच थांबावें. तेथें १०५ ची वाट पाहत बसलें तर भांड्यांत जॅमऐवजीं गोळीबंद पाक होईल. त्या दिवशीं आपल्या घरीं साधें पाणी किती अंशांवर उकळतें तें आधीं पाहून घ्यावें, म्हणजे नकाशा काढण्याचें कारण उरत नाहीं.

कैरीचा हंगाम सरला म्हणजे इतर फळांकडे जातां येतें, पण प्रत्येकाचें उणें भरून काढावें लागतें. करवंदें कैरीच्या खालोखाल. पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही त्यांत आहेत, फक्त शिजवून चाळणींतून गाळून बिया काढण्याचे कष्ट आहेत. मिरचीशीं त्यांचें इतकें जमतें कीं तिखट मुरांब्यासाठीं कैरीपेक्षां त्यांनाच पहिला मान द्यावा, असेंहि म्हणतां येईल. पेरूंत पेक्टिन भरपूर, आंबटपणा थोडा. किलोभर गराला दोन लिंबें पिळावीं. अननसाचें नेमकें उलट. तो आंबट असतो पण धरत नाहीं, म्हणून त्यांत चतुर्थांश अर्धकच्च्या पेरूचा गर मिसळावा. स्ट्रॉबेरींतहि पेक्टिन कमी; तिला लिंबाचा रस आणि थोडीं अर्धवट पिकलेलीं फळें यांचा आधार लागतो. पिकलेल्या पपईबाबत मात्र विशेष सावध असावें. तिच्यांत आंबटपणा फारच कमी असतो, आणि आंबटपणा हा केवळ चवीचा किंवा घट्ट होण्याचा प्रश्न नाहीं. पीएच नांवाच्या मापानें मोजलें असतां ४·६ च्या वर, म्हणजे कमी आंबट असलेल्या ओलसर पदार्थांत, हवाबंद बाटलींत, बोट्युलिझम या प्राणघातक विषबाधेला कारण होणारे जंतु वाढूं शकतात. कैरी या मर्यादेच्या पुष्कळच खालीं, सुरक्षित बाजूला असते. पपईच्या किलोभर गरांत तीन-चार लिंबांचा रस घातल्यावांचून, आणि साखर पूर्ण घेतल्यावांचून, तिचा मुरांबा सांठवणीसाठीं करूंच नये.

भरण्याची तऱ्हा थोडक्यांत सांगतां येते. कांचेच्या बाटल्या आणि झांकणें धुऊन, दहा मिनिटें पाण्यांत उकळून, पालथीं घालून कोरडीं करावीं. मुरांबा उतरल्यावर वरचा फेस काढून, तो कढत असतांनाच गरम बाटलींत, अर्धा सेंटिमीटर जागा सोडून भरावा आणि लगेच झांकण घट्ट करावें. मोठ्या चिनी मातीच्या बरणींत भरावयाचा असेल तर मात्र तो पूर्ण निवूं द्यावा, वर स्वच्छ कोरडें फडकें धरावें, आणि मगच दादरा बांधावा. कोमट मुरांब्यावर झांकण ठेवण्याइतकी घातक चूक दुसरी नाहीं. वाफ झांकणाला लागते, तिचे थेंब परत खालीं पडतात, आणि बाकीची बरणी ठणठणीत असतां वरचा पातळ थरच तेवढा बिनसाखरेचा होऊन बसतो. बुरशीला तेवढा पुरतो. ओल्या चमच्याची गोष्ट हीच. म्हणूनच तो पहिला तर्क अगदींच खोटा नसतो. एका मोठ्या बरणीपेक्षां सहा लहान बाटल्या केव्हांहि शहाण्या, कारण एका वेळीं एकच उघडी पडते.

बुरा आलेला मुरांबा वरचा थर काढून खालचा खाण्याची चाल जुन्या, काटकसरी घरांत होती आणि ती समजण्यासारखी होती. पण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्याहून खोल गेलेले असतात, आणि कांहीं जातींच्या बुरशींतून निघणारें विष पाकांत खालीं उतरतें. ती बाटली टाकून द्यावी. आंबलेल्या मुरांब्याला पुनः कढ आणून त्याची साखर वाढविणें हाहि उपाय नव्हे.

नुसत्या फसलेल्या मुरांब्याची गोष्ट वेगळी. साखरेचे खडे धरले असतील तर बाटली झांकण काढून गरम पाण्याच्या भांड्यांत उभी करावी. खडे विरघळतात, आणि चमचाभर लिंबाचा रस घालून तो मुरांबा लौकर संपवितां येतो. पातळ राहिला असेल तर दुसऱ्या दिवशीं वजन पुनः पाहावें. वजन अधिक असेल तर पांच मिनिटें जोरानें उकळून पाणी घालवावें. वजन बरोबर असून धरला नसेल तर त्याला आणखी छळूं नये. कैरी तितकी पेक्टिनची नव्हती. अशा मुरांब्याचे दोन चमचे थंड पाण्यांत घालून, वर वेलदोड्याची पूड टाकली कीं चांगलें तिखट पन्हें होतें.